खबर देणारास दंड!

गावात रात्री आग लागली असता जो मनुष्य प्रथम जागा होऊन ओरडेल त्याच्या घराभोवती काट्यांचे कुंपण घालावे, त्याच्या दुकानाशी सर्वांनी व्यवहार बंद करावा, आणि तो घागर घेऊन विहिरीवर आला म्हणजे 'तुझी पाळी शेवटची' असे त्यास बजावावे, असा ठराव एखाद्या पंचायतीने केला, तर त्या पंचांची डोकी ठिकाणावर नाहीत असेच कोणीही म्हणेल. पुढल्या खेपेस त्या गावात आग लागली म्हणजे जो तो दार लावून, धूर दिसतच नाही असे सोंग करून स्वस्थ बसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. परंतु राष्ट्रांच्या पंचायतीने साथीच्या रोगांच्या बाबतीत गेली सव्वाशे वर्षे हाच ठराव पाळला आहे, आणि तोही मोठमोठ्या परिषदा भरवून, शहाणपणाचा आव आणून!

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी फार मागे जाण्याचे कारण नाही. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या विषाणूचा एक नवा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेस कळविला. पुढे त्यास ओमिक्रॉन हे नाव मिळाले. तेथील शास्त्रज्ञ दक्ष होते, तपासणीची साधने त्यांच्यापाशी होती, आणि जे दिसले ते त्यांनी दडविले नाही. या सचोटीचे पारितोषिक त्यांस काय मिळाले? दोनतीन दिवसांच्या आत ब्रिटन, युरोपीय संघ आणि अमेरिका यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील प्रवाशांस दारे बंद केल्याचे जाहीर केले, आणि ऐन नाताळच्या हंगामात तेथील पाहुण्यांवर चालणारा धंदा बसला. मागाहून उघडकीस आले ते असे की, नेदरलंड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबर रोजी, म्हणजे ही खबर जगास मिळण्यापूर्वीच, घेतलेल्या नमुन्यांत हाच विषाणू होता. चोर माजघरात शिरून बसला होता, आणि घरधनी दिंडीदरवाजाला कुलूप घालीत होते! त्यातही ज्याने चोराची वर्दी दिली त्यालाच बाहेर कोंडून.

कोविडच्या साथीने जगाची घडी पार बदलून टाकली, असे पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेचे युग संपले असे कोणी म्हणतो, चीनचे उजाडले असे दुसरा म्हणतो, आणि राष्ट्राराष्ट्रांतील खुला व्यापार आता उठलाच असे तिसरा सांगतो. आमचे मत थोडे निराळे आहे. साथ राष्ट्रांचे परस्परसंबंध नव्याने घडवीत नाही. असलेले संबंध ती उघडे करते. पेढीची खरी पत भरभराटीच्या दिवसांत कळत नाही. सर्व ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले म्हणजे कळते. २०२० साली जगातील सर्व ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, आणि ज्या पेढ्यांच्या पाट्या सर्वांत मोठ्या होत्या त्यांनीच प्रथम दारे लावून घेतली. या प्रसंगातून जो धडा घ्यावयाचा तो आमच्या मते एकच आहे. खरी खबर वेळेवर देणाऱ्या राष्ट्राचे नुकसान भरून देण्याची, आणि रोगाचा नमुना देणाऱ्यास औषधात वाटा देण्याची हमी जोवर कायद्याने बांधली जात नाही, तोवर आरोग्याच्या नावाने होणारे सारे करार कागदी होत.

हा खोटा पायंडा पडला कसा हे पाहावयाचे तर या कायद्याचा जन्म कोठे झाला हे पाहिले पाहिजे. साथीच्या रोगांविषयी राष्ट्रांची पहिली परिषद १८५१ साली पॅरिसला भरली. बारा राष्ट्रे जमली, आणि प्रत्येकाने दोन प्रतिनिधी धाडले, एक वैद्य व एक मुत्सद्दी. ही जोडी पाहिली म्हणजे परिषदेचा हेतू ध्यानात येतो. रोगी बरा कसा करावा हा तेथील मुख्य प्रश्न नव्हता. पटकी व प्लेग आपल्या बंदरात न येता मालाची ये-जा मात्र कशी चालू राहील, हा होता. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर हा झगडा उघडाच झाला. कालव्यातून जाणारी बहुतेक जहाजे इंग्रजांची, म्हणून सक्तीच्या नाकेबंदीस इंग्रजांचा विरोध; इतर युरोपीय राष्ट्रांस भीती हिंदुस्थानातून येणाऱ्या पटकीची, म्हणून त्यांचा नाकेबंदीचा आग्रह. दोन्ही पक्षांच्या तोंडी शास्त्र होते आणि दोहोंच्या मनात तागडी होती.

अशा स्थितीत सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि स्पष्ट शब्दांत सांगितला. प्लेग हा शब्द उच्चारताना अधिकारी प्रथम कचरत होते. यात नवल नाही. त्या एका शब्दाने बंदराचा व्यापार बसणार हे त्यांस ठाऊक होते. झालेही तसेच. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला खास परिषद बोलावण्यात आली, आणि १९ मार्च रोजी तेथे करार झाला. प्लेगची खबर एकमेकांस द्यावी असे त्यात ठरले. त्याचबरोबर रोगाच्या मुलखातून येणारे वापरलेले कपडे, चिंध्या, कच्ची कातडी वगैरे माल अडविण्याची मुभाही मिळाली. मुंबईहून मक्केच्या यात्रेस जाणाऱ्यांची वाट त्या वर्षी बंद झाली. ज्यांच्या घरात माणसे मरत होती त्या मुंबईकरांच्या वतीने बोलणारा कोणीही त्या परिषदेत नव्हता.

युरोपचे समाधान करावयाचे या घाईत येथील सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा पुस्तकात घातला. तो जेमतेम चार कलमांचा. अधिकार अमर्याद, आणि लोकांस दाद मागण्याची सोय नाही. उलट त्या कायद्यान्वये सद्बुद्धीने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे संरक्षण मात्र त्यात अधिकाऱ्यांस होते. त्या अधिकारांचा पुण्यात वापर कसा झाला, गोरे सोजीर घरात कसे शिरले, आणि त्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला, हे महाराष्ट्रातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस दीड वर्षाची सजा झाली. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, व्हेनिसमधील परिषदेचे मेज आणि पुण्याच्या गल्लीतील झडती ही एकाच दोराची दोन टोके होती. बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या भीतीचे ओझे घरातल्या रयतेच्या पाठीवर टाकण्यात आले. त्याच वेळी डॉ. हाफकिन हे मुंबईत प्लेगवरील लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेत होते. खरे संरक्षण कोठे होते हे यावरून दिसते. पण परिषदांस नाकी ठाऊक होती, लस ठाऊक नव्हती.

परकीय राज्य गेले म्हणजे हे पालटले असेल असे कोणास वाटत असल्यास त्यांनी १९९४ चा सप्टेंबर आठवावा. सुरतेस प्लेगची वार्ता उठली. त्या साथीत दगावलेल्यांची संख्या पन्नास-साठांच्या घरात होती. परंतु कित्येक देशांनी भारताची विमाने बंद केली, आखाती देशांनी आमचा माल नाकारला, आणि व्यापाराचे जे नुकसान झाले ते रोगाच्या मानाने कित्येक पटींनी मोठे होते. जागतिक आरोग्य संघटनेने अशी बंदी घालण्याची शिफारस केलेली नव्हती. पण तिचे ऐकतो कोण? सुरतेच्या व मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्या महिन्यात जो धडा घेतला तोच धडा आठ वर्षांनी चीनच्या अधिकाऱ्यांनी गिरविला. २००२ च्या नोव्हेंबरात ग्वांगडुंग प्रांतात सार्सचा रोग सुरू झाला, आणि त्याची वार्ता जगास अधिकृतपणे मिळाली ती २००३ च्या फेब्रुवारीत. खबर देणारास दंड होतो म्हटल्यावर खबर दडपण्याची बुद्धी व्हावी यात आश्चर्य ते कोणते?

या अनुभवानंतर २००५ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले, आणि जून २००७ पासून ते अमलात आले. संकटाची खात्री पटताच चोवीस तासांत संघटनेस कळवावे, हे राष्ट्राचे कर्तव्य ठरले. शिफारशीपलीकडे जाऊन कोणी प्रवास अगर व्यापार अडविल्यास त्यास शास्त्राचा आधार दाखवावा, हेही ठरले. वाचताना हे नियम मोठे न्यायाचे वाटतात. परंतु वकिली करणारास एक गोष्ट तत्काळ दिसते. कर्तव्य सांगितले, पण ते मोडणारास शिक्षा सांगितली नाही. हक्क दिला, पण तो हिरावला गेल्यास खात्रीने दाद मिळेल अशी सोय केली नाही. दाद नाही तेथे हक्क नाही, हे कायद्याच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थीही जाणतो.

२०१९ च्या अखेरीस वूहान येथील साथीने या नियमांची परीक्षा घेतली. चीनने आरंभी आपल्याच वैद्यांची तोंडे दाबली, याचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. जेथे वर्तमानपत्रांस तोंड नाही तेथे रोगास पाय फुटतात. परंतु पुढे जे झाले तेही त्याच मासल्याचे होते. रोगाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी असे ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये म्हटले, आणि मे महिन्यात चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ऐंशी टक्क्यांहून अधिक जकात बसविली. कारण दाखविले ते स्वस्त दराने माल खपविल्याचे. ती जकात उठली ऑगस्ट २०२३ मध्ये. प्रश्न विचारणाऱ्यासही दंड! तिकडे अमेरिकेने दोष जागतिक संघटनेच्या माथी मारून जुलै २०२० मध्ये ती सोडण्याची नोटीस दिली. ती पुढे परत घेण्यात आली, पण २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बजावण्यात आली, आणि वर्षाच्या मुदतीनंतर त्या राष्ट्राने संघटनेशी फारकत घेतली. सुरक्षा समितीची कथा तर याहून लाजिरवाणी. साथीच्या काळात जगातील लढाया थांबाव्यात, एवढ्या साध्या आवाहनास पाठिंबा देणारा ठराव १ जुलै २०२० पर्यंत रखडला. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचे नाव घ्यावे की न घ्यावे, यावर चीन व अमेरिका यांचा वाद चालला होता. घर जळत असता बंबावर कोणाचे नाव लिहावे म्हणून भांडावे, तशातला हा प्रकार!

आता व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. खबर जशी द्यावयाची असते तसा रोगाचा नमुनाही द्यावयाचा असतो, कारण नमुन्यावाचून लस होत नाही. बर्ड फ्लूचे नमुने आपण फुकट द्यावे, त्यांवरून परदेशी कारखान्यांनी लस करावी, आणि ती आपल्याच लोकांस न परवडणाऱ्या किमतीने विकली जावी, हे इंडोनेशियास रुचले नाही, आणि २००७ साली त्या देशाने नमुने देण्याचे थांबविले. जगभर ओरड झाली. पण आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती आहे हे नाकारणे कोणासही शक्य झाले नाही. शेवटी २०११ साली इन्फ्लुएन्झापुरती नमुने व लस यांच्या देवघेवीची व्यवस्था ठरली. लहान राष्ट्राने हात आखडला तेव्हाच मोठ्यांची थैली सैल झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ती व्यवस्था कोविडला लागू नव्हती. सबब २०२१ साली बळी तो कान पिळी हाच कायदा चालला. श्रीमंत राष्ट्रांपैकी काहींनी आपल्या लोकसंख्येच्या अनेक पट मात्रा आगाऊ राखून ठेवल्या. गरीब राष्ट्रांसाठी उभारलेल्या कोव्हॅक्स या योजनेचा संकल्प २०२१ च्या अखेरीपर्यंत दोनशे कोटी मात्रा देण्याचा होता. शंभर कोटीवी मात्रा पोचली ती जानेवारी २०२२ च्या मध्यास. २०२१ साल संपताना आफ्रिका खंडात दहांतील एकाचेही लसीकरण पूर्ण झालेले नव्हते. भावाचा प्रकार तर आमच्या व्यापारी वाचकांनी नीट पाहावा. ज्या लसीच्या एका मात्रेस युरोपीय संघ सुमारे दोन डॉलर देत होता, तीच लस पुण्याहून घेताना दक्षिण आफ्रिकेस सव्वापाच डॉलर पडले. संशोधनास युरोपने पैसा दिला होता, हे यास दिलेले कारण. पण तिची परीक्षा दक्षिण आफ्रिकेतील लोकांच्या दंडावरही झाली होती. दंडाचे मोल हिशेबात कोणत्या खात्यावर जमा झाले?

येथे भारताने काय केले, हे सांगताना आम्हांस अभिमान आणि खेद या दोहोंचाही उच्चार केला पाहिजे. लस व औषधे यांवरील पेटंटचे हक्क साथीपुरते स्थगित करावेत, अशी मागणी भारत व दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली. ती योग्य होती आणि धैर्याची होती. तिचे उत्तर मिळाले १७ जून २०२२ रोजी, साथीचा मोठा जोर ओसरल्यावर. तेही लसीपुरते आणि सक्तीच्या परवान्याचे नियम थोडे सैल करण्यापुरते. औषधे व तपासणीची साधने यांविषयी पुढेही एकमत झाले नाही. विहीर खणली ती तहान भागल्यावर, आणि तीही गुडघाभर!

२० जानेवारी २०२१ पासून भारताने भूतान, मालदीव आदी शेजाऱ्यांस लस धाडण्यास आरंभ केला, आणि थोड्याच महिन्यांत नव्वदांहून अधिक देशांस सहा कोटींवर मात्रा पोचल्या. मग दुसरी लाट आली. प्राणवायूवाचून माणसे तडफडत असता लस बाहेर का धाडावी, हा प्रश्न आमच्याही दारात उभा राहिला, आणि निर्यात थांबली. ती ऑक्टोबरपर्यंत सुरू झाली नाही. त्या वेळी आप्तेष्ट गमावलेल्या कोणासही आम्ही उपदेश करू धजत नाही. परंतु कोव्हॅक्सचा मोठा भार पुण्याच्याच कारखान्यावर होता, आणि आमच्या थांबण्याने आफ्रिकेतील दवाखान्यांतून दुसऱ्या मात्रेची वाट पाहणारी माणसे परत गेली. आम्ही अमेरिकेवर कच्चा माल अडविल्याचा ठपका ठेवीत होतो. त्याच वेळी आमच्यावर तयार माल अडविल्याचा ठपका येत होता. स्वराष्ट्राचा अभिमान म्हणजे स्वराष्ट्राच्या चुकांवर पांघरूण नव्हे. जगाचा औषधवाला म्हणवून घ्यावयाचे तर दुकान अडचणीच्या दिवशी उघडे राहील एवढी शिल्लक आधीच ठेविली पाहिजे.

२० मे २०२५ रोजी जिनिव्हास साथीच्या रोगांविषयी नवा करार संमत झाला. तीन वर्षांच्या घासाघिशीनंतर झालेला हा करार टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यात सहभागी कारखान्यांनी साथीच्या वेळी आपल्या उत्पादनाचा वीस टक्क्यांपर्यंतचा भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या हवाली करावा, त्यातील निदान निम्मा दानादाखल द्यावा व उरलेला परवडेल अशा भावाने, असे ठरले आहे. इंडोनेशियाचे गाऱ्हाणे येथे प्रथमच सर्व साथींसाठी तत्त्वतः मान्य झाले. पण नमुने व लस यांच्या देवघेवीचे जे खरे कलम, ते परिशिष्टावर टाकून करार संमत झाला. ते परिशिष्ट ठरल्यावाचून करार सह्यांस खुला व्हावयाचा नाही, आणि साठ राष्ट्रांच्या मंजुरीवाचून तो अमलात यावयाचा नाही. म्हणजे खतावर साक्षी झाल्या, शिक्का झाला, आणि रकमेची जागा तेवढी कोरी राहिली.

यावर एक आक्षेप असा निघतो की, असल्या करारांनी राष्ट्राचे स्वातंत्र्य बुडेल. परक्या शहरात बसलेले कारकून आमची गावे बंद करावयास सांगतील. १८९७ चा अनुभव ज्यांच्या गाठीस आहे त्या आम्हांस हा आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. परंतु कोणत्याही देशास टाळेबंदी करावयास अगर लस टोचावयास लावण्याचा अधिकार संघटनेस नाही, असे करारातच स्पष्ट लिहिले आहे. शिवाय स्वातंत्र्य बुडते ते करारात गेल्याने नव्हे. करार दुसऱ्यांनी लिहावा आणि आपण फक्त पाळावा, याने ते बुडते. व्हेनिसला आम्हांस आवाज नव्हता म्हणून आम्ही भरडलो. आज आवाज आहे. तो कशासाठी लावावयाचा एवढाच प्रश्न आहे.

आमच्या मते तीन गोष्टींसाठी तो लावावा. पहिली, जे राष्ट्र वेळेवर खरी खबर देईल त्याच्या व्यापाराचे व प्रवासाचे नुकसान भरून देणारा सामायिक निधी असावा, आणि त्यात प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी भरावी. जहाज वाचविण्याकरिता एकाचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ज्यांचा माल वाचला त्या सर्वांनी मिळून ती तूट सोसावी, हा दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा फार जुना कायदा आहे. जो नियम गाठोड्यांस लागू, तो राष्ट्रांस का नसावा? दुसरी, नमुना आणि लस यांची देवघेव एकाच खतात, एकाच दिवशी, दोहोंवर सारखी बंधनकारक असावी. तिसरी, लसीचे कारखाने चारदोन देशांत न राहता प्रत्येक खंडात असावेत, आणि ती विद्या शिकविण्यात भारताने पुढाकार घ्यावा. गिऱ्हाईक कमी होईल या भीतीने मागे राहू नये.

शेवटी एक गोष्ट घरची. राष्ट्रांस जो दोष आम्ही लावला, तो आमच्या गल्लीत नाही काय? २०२० च्या उन्हाळ्यात रुग्णांची शुश्रूषा करून थकून घरी येणाऱ्या परिचारिकांस व डॉक्टरांस जिन्यातच अडविणारे, त्यांस खोली खाली करावयास सांगणारे लोक परदेशातून आलेले नव्हते. ज्याने आपल्यास ताप असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, त्याच्या घराकडे बोट दाखवून दूधवाल्यास थांबविणारे आपणच होतो. मग दुसऱ्याने खोकला लपविला यात त्याचा अपराध किती आणि आपला किती? परिस्थिती अशी आली की, वैद्यकीय सेवकांवर हात टाकणारांस शिक्षा व्हावी म्हणून २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून कायदा सुधारावा लागला. आणि सुधारला तो कायदा कोणता? तोच, १८९७ चा! ज्या कायद्याने पूर्वी अधिकाऱ्यांस लोकांच्या तक्रारींपासून राखले, त्यालाच आता सेवकांस शेजाऱ्यांपासून राखावे लागले. सुधारणेची याहून मोठी निकड दुसरी कोणती दाखवावी?

पुढली साथ येणार की नाही, हा प्रश्न नाही. ती कोठून येणार हे मात्र कोणास सांगता येत नाही. ती आफ्रिकेतून येईल, चीनमधून येईल, अगर आमच्याच एखाद्या बंदरातून निघेल. त्या दिवशी कोणी तरी एक डॉक्टर, मांडवीतील व्हिएगसांप्रमाणे, रोगाचे खरे नाव घ्यावयाचे की नाही याचा विचार करीत बसलेला असेल. त्याने ते नाव निर्भयपणे घ्यावे असे वाटत असेल, तर त्याबद्दल त्यास व त्याच्या गावास दंड होणार नाही, ही तजवीज आज, साथ नसताना, केली पाहिजे. गरज सरो आणि वैद्य मरो ही आमची म्हण आहे. ती जगाची राजनीती होऊ देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.